हा आमच्या घरचा मामला

मुलांनो, तुम्ही चाळीत किंवा दाट वस्तीच्या मोहल्ल्यात राहत असाल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की अनुभवली असेल. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. कोणी मूल रडते, कोणी बाई ओरडते. समोरचे चाचा उठतात आणि जाऊन दार ठोठावतात. दार जरासे उघडते. आतून उत्तर येते, "हा आमच्या घरचा मामला आहे. तुम्ही मध्ये पडू नका." मग चाचा काय करतात? कधी मान खाली घालून परत फिरतात. कधी मात्र दारातच उभे राहतात आणि म्हणतात, "आवाज माझ्या घरापर्यंत येतो आहे, म्हणून विचारतो."

जगातल्या देशांचेही असेच होते. एखादे सरकार आपल्या हद्दीतल्या लोकांशी कसे वागते, हे बाहेरच्या कोणी विचारायचे नाही, असे पुष्कळ काळ मानले जात होते. राजाने प्रजेला छळले, तर तो राजाचा मामला. गोऱ्या राज्यकर्त्यांनी काळ्या लोकांची जमीन घेतली, तर तोही त्यांच्या घरचाच मामला! हे बंद दार ठोठावण्याचे काम ज्यांनी सुरुवातीला केले, त्यांत आपला देश होता. आणि गंमत अशी की त्या वेळी आपला देश स्वतःच स्वतंत्र नव्हता.

पुढे जाण्यापूर्वी दोन-तीन शब्द पाहून घेऊ. मराठीतला 'हक्क' हा शब्द तुमच्या घरातलाच आहे. उर्दूत आपण 'इन्सानी हुकूक' म्हणतो, मराठीत 'मानवी हक्क' म्हणतात. पण 'तक्रार' या शब्दाशी जरा सांभाळून. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहिले होते, 'काल माझी आणि भावाची तक्रार झाली.' मी लाल शाईने खूण केली आणि अर्धा गुण कापला. नंतर मलाच वाईट वाटले. कारण उर्दूत तकरार म्हणजे वादावादी, भांडण. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. तिसरा शब्द 'वसाहत'. आपल्याकडे पोलीस वसाहत, कामगार वसाहत असते. तिथे त्याचा अर्थ राहण्याची जागा एवढाच. पण एका देशाने दूरचा दुसरा मुलूख ताब्यात घेऊन तिथे आपला अंमल बसवला, तर त्या मुलखालाही मराठीत वसाहतच म्हणतात. त्यालाच उर्दूत नौआबादी म्हणतात. या पाठातली वसाहत ती आहे.

आता दक्षिण आफ्रिकेत जाऊ. तिथल्या नाताळ प्रांतात इंग्रजांचे उसाचे मळे होते. मळ्यांत राबायला माणसे हवी होती. १८६० पासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख हिंदी मजूर बोटीने तिथे नेले गेले. ते करारावर अंगठा उठवून जात. इंग्रजी 'ॲग्रिमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि हे मजूर 'गिरमिटिये' झाले. त्यांच्यामागून स्वतःच्या खर्चाने व्यापारी आणि कारागीर गेले. सुरतेकडचे गेले, काठेवाडचे गेले. आपल्या कोकणातले मुसलमानही केपटाउनला जाऊन राहिले. तुमच्यापैकी कोणाच्या खानदानात आफ्रिकेला गेलेल्या परदादांची गोष्ट सांगितली जात असेल, तर घरी जरूर विचारा.

या लोकांनी मेहनत केली, दुकाने टाकली, घरे बांधली. तेव्हा तिथल्या गोऱ्या लोकांना ते डोळ्यांत खुपू लागले. त्यांच्याविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. बॅरिस्टर गांधी १८९३ मध्ये एका मुसलमान व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी तिथे गेले आणि हेच कायदे पाहून वीस वर्षांहून अधिक काळ त्यात गुंतले, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे. मला सांगायची आहे ती त्यानंतरची, १९४६ सालची गोष्ट.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने हिंदी लोकांसाठी जमिनीचा एक नवा कायदा केला. नाताळ आणि ट्रान्सवाल या प्रांतांत ठरावीक भाग सोडून बाकी कुठेही हिंदी माणसाने बिगर-हिंदी माणसाकडून घर किंवा जमीन घेऊ नये, तिथे राहूही नये, असा त्याचा अर्थ होता. आफ्रिकी लोकांना, म्हणजे त्या भूमीच्या मूळ मालकांना, असा जमिनीचा कायदा १९१३ पासूनच लागू होता. या नव्या कायद्यात हिंदी लोकांना संसदेत थोडे प्रतिनिधित्वही देऊ केले होते. मात्र ते प्रतिनिधी गोरेच असले पाहिजेत, अशी अट होती. घर माझे, पण किल्ली शेजाऱ्याच्या खिशात! हिंदी लोकांनी हे देणे नाकारले.

जून १९४६ मध्ये डर्बन शहरात सत्याग्रह सुरू झाला. गेल स्ट्रीट आणि अंबिलो रोड जिथे मिळतात, तिथे एक मोकळी जमीन होती. कायद्याने हिंदी लोकांना तिथे राहायला मनाई होती. सत्याग्रह्यांनी त्या जमिनीवर तंबू ठोकले आणि ते तिथे राहू लागले. बस, एवढाच त्यांचा गुन्हा. रात्री गोऱ्या गुंडांच्या टोळ्या येत, तंबू पाडत, लोकांना मारत. सकाळी तंबू पुन्हा उभे राहत. मग पोलिसांनी पकडायला सुरुवात केली. एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी येई. सुमारे दोन हजार माणसे अशी तुरुंगात गेली. या लढ्याचे पुढारी दोन डॉक्टर होते, डॉ. युसूफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर. पहिल्या तुकडीत स्त्रियाही होत्या. झैनब अस्वात ही वैद्यकीय शाळेत शिकणारी तरुण मुलगी अभ्यास बाजूला ठेवून जोहान्सबर्गहून आली होती. मुलींनो, हे नाव तुमच्या वहीत लिहून ठेवा. इतिहासाच्या पुस्तकात ते सहज सापडत नाही.

तंबूंची ही बातमी समुद्र ओलांडून भारतात आली. त्याच महिन्यात, २२ जून १९४६ रोजी, भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दक्षिण आफ्रिकेची तक्रार दाखल केली. त्या देशाशी व्यापारही बंद केला.

संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. दुसरे महायुद्ध संपताना १९४५ मध्ये त्याची सनद तयार झाली. या सनदेच्या प्रस्तावनेत मानवी हक्कांवर आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर श्रद्धा व्यक्त केलेली आहे. ही प्रस्तावना लिहिण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते कोण होते ठाऊक आहे? दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स! ज्यांच्या देशात हिंदी माणसाला मनासारखे घर घेता येत नव्हते, तेच जगाला मानवी हक्क शिकवत होते.

यात ढोंगच होते असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या पुष्कळ मोठ्या माणसांना 'मानव' म्हटले की डोळ्यांसमोर फक्त आपल्यासारखाच माणूस दिसत असे. १९४१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी जाहीर केले होते की, प्रत्येक लोकसमूहाला आपले सरकार निवडण्याचा हक्क आहे. हे वाचून भारतात आशा वाढली. पण पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी आपल्या संसदेत सांगितले की, हे वाक्य जर्मनीच्या ताब्यातील युरोपी देशांना उद्देशून होते, हिंदुस्थानला नव्हे. म्हणजे दावतीचे आमंत्रण सर्वांना, पण दस्तरखान फक्त घरच्यांसाठी!

आता आपली तक्रार. १९४६ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा भरली. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून पूर्वी जिथे बर्फावर घसरण्याचा खेळ चाले, त्या इमारतीत देशोदेशीचे प्रतिनिधी बसले होते. दिल्लीत पंडित नेहरूंचे अंतरिम सरकार आले होते, पण युनियन जॅक अजून खाली उतरला नव्हता. भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या श्रीमती विजयालक्ष्मी पंडित. याच पुढे १९६२ ते १९६४ या काळात आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. त्यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मोहम्मद करीम छागला होते. ते पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि भारताचे शिक्षणमंत्री झाले.

स्मट्स स्वतः हजर होते. त्यांनी सनदेच्या दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवले. कोणत्याही देशाच्या अंतर्गत बाबीत संयुक्त राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करू नये, असे त्या कलमात लिहिलेले आहे. हिंदी लोक आमच्या देशाचे रहिवासी आहेत, कायदा आमचा आहे, तेव्हा हा आमच्या घरचा मामला आहे, असे त्यांचे म्हणणे. हवे तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्या, असेही त्यांनी सुचवले. भारताचे उत्तर असे की, सनदेत मानवी हक्कांचा शब्द तुम्ही सर्वांनी मिळून दिला आहे. दिलेला शब्द हा एकट्याच्या घरचा मामला राहत नाही.

मतदान ८ डिसेंबर १९४६ रोजी झाले. तेव्हा सदस्य देश ५४ होते. ठरावाच्या बाजूने ३२ मते पडली, विरुद्ध १५, आणि ७ देश तटस्थ राहिले. ठराव मंजूर होण्यासाठी, होय किंवा नाही म्हणणाऱ्या देशांपैकी दोन-तृतीयांश देश बाजूने लागत. आता पाटी घ्या आणि हिशोब करा. ३२ आणि १५ मिळून ४७. सत्तेचाळीसचे दोन-तृतीयांश म्हणजे एकतीसपेक्षा किंचित जास्त. म्हणून ३२ तर हवेतच. त्या बत्तिसांपैकी एकाच देशाने पलीकडे मत दिले असते, तर ठराव पडला असता. विरुद्ध मत देणाऱ्यांत इंग्लंड होते, अमेरिकाही होती. ज्या इंग्लंडचे आपल्यावर राज्य होते, त्याच्या मताविरुद्ध आपण तिथे जिंकलो.

ठरावात फार कडक काही नव्हते. दोन्ही देशांमधले पूर्वीचे करार आणि सनद यांना धरून हिंदी लोकांशी वागावे आणि काय केले ते पुढच्या अधिवेशनात कळवावे, एवढेच. विजयालक्ष्मी पंडित यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, मतदानानंतर त्या स्मट्स यांच्या आसनापाशी गेल्या आणि बोलताना काही अधिक-उणे झाले असल्यास माफ करावे, असे म्हणाल्या. गांधीजींनी त्यांना तसे बजावूनच पाठवले होते. त्यावर स्मट्स म्हणाले की, हा विजय पोकळ आहे. यामुळे माझी सत्ता जाईल, पण तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

म्हातारा सेनापती खोटे बोलला नाही. १९४७ च्या अधिवेशनात पुन्हा ठराव आला, तेव्हा दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. १९४८ च्या निवडणुकीत स्मट्स हरले आणि त्यांच्याहून कडवे लोक सत्तेवर आले. त्यांनी वर्णभेदाची पूर्ण व्यवस्थाच उभी केली. कोणत्या रंगाच्या माणसाने कुठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी लग्न करावे, हे सर्व कायद्याने ठरू लागले. डर्बनच्या त्या जमिनीवर तंबू ठोकणाऱ्यांना ठरावातून एक हातभर जागाही मिळाली नाही.

आपल्या तक्रारीत एक उणीवही होती. ती फक्त हिंदी लोकांपुरती होती. त्या देशात बहुसंख्य आफ्रिकी लोक होते आणि त्यांचे हाल जास्त होते. ही चूक सर्वांत आधी तिथल्याच पुढाऱ्यांना उमगली. मार्च १९४७ मध्ये डॉ. दादू, डॉ. नायकर आणि आफ्रिकी नेते डॉ. झुमा यांनी एकत्र लढण्याच्या करारावर सह्या केल्या. त्याला 'तीन डॉक्टरांचा करार' म्हणतात. पुढे १९५२ मध्ये तेरा आशियाई आणि अरब देशांनी वर्णभेदाचा पूर्ण प्रश्नच आमसभेत मांडला.

दुसरी एक गोष्ट याच १९४६ सालातली आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या एका संघटनेने आपल्यावरील अन्यायाचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिला होता. ती बातमी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाचली. त्यांनी अमेरिकेतील विद्वान डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, त्या अर्जाची प्रत मागितली आणि भारतातले अस्पृश्यही असाच अर्ज देण्याच्या विचारात आहेत, असे कळवले. पाहा, एकाच उन्हाळ्यात भारत सरकार दुसऱ्याचे दार ठोठावत होते आणि भारताचेच एक थोर सुपुत्र आपल्या घरातला आवाज बाहेर नेण्याचा विचार करत होते. बाबासाहेबांचा तो अर्ज गेला नाही. पण २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले.

त्यानंतर अकराच दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. ४८ देश बाजूने होते, विरोधात कोणी नव्हते, ८ तटस्थ राहिले. तटस्थांत दक्षिण आफ्रिका होती, हे सांगायला नकोच. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल असा इंग्रजी शब्द होता. त्याला हरकत घेतली ती भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी. त्या मुंबई विधान परिषदेच्या सदस्य होत्या. असा शब्द ठेवला तर स्त्रियांना वगळण्याची पळवाट राहील, असे त्यांचे म्हणणे. तिथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारा शब्द आला. एका शब्दाने काय होते, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्या.

जाहीरनामा सुंदर होता, पण त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघाच्या ५८ सदस्यांत आफ्रिका खंडातले देश किती होते? चार! इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. बाकी बहुतेक खंड युरोपी देशांच्या वसाहतींत वाटलेला होता. आणि कागदावरचा हक्क मोडला, तर दाद मागायची कुठे? जगभरातून लोक संयुक्त राष्ट्रसंघाला पत्रे लिहीत होते. पण मानवी हक्क आयोगाने १९४७ मध्येच ठरवून टाकले होते की, अशा तक्रारींवर काही कारवाई करण्याचा अधिकार आपल्याला नाही. दवाखाना उघडला, पण औषधाच्या कपाटाला कुलूप, असा तो प्रकार होता.

हे कुलूप कसे उघडले? एकेक वसाहत स्वतंत्र होऊन सभेत येऊन बसू लागली, तसतसे उघडले. १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग शहरात आशिया आणि आफ्रिकेतील २९ देशांची परिषद झाली. १९६० या एकाच वर्षी आफ्रिकेतले १६ नवे देश संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाले. त्या वर्षी १४ डिसेंबरला आमसभेने ठराव केला की, परक्यांनी लोकांना ताब्यात ठेवणे म्हणजेच मूलभूत मानवी हक्क नाकारणे होय. ८९ मते बाजूने, विरुद्ध शून्य. ९ देश तटस्थ राहिले. त्यांत इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका होते आणि पोर्तुगालही होता. पोर्तुगालला आपल्या शेजारचा गोवा सोडायचा नव्हता. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

पुढे १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. ज्या देशाने तशी मान्यता दिली असेल, त्याच्याविरुद्ध एकट्या माणसालाही तक्रार करता येईल, अशी सोय त्यात झाली. १९६६ मध्ये मानवी हक्कांचे दोन मोठे करार झाले. दोन्हींचे पहिलेच कलम लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचे आहे. आणि १९६७ मध्ये, वीस वर्षांपूर्वी हात वर करणाऱ्या त्याच मानवी हक्क आयोगाला हक्कांच्या मोठ्या पायमल्लीची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला. सुरुवात कुठून झाली? दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगांतील कैद्यांच्या छळापासून. ज्या देशाने 'आमच्या घरचा मामला' म्हणून दार लावले होते, त्याच्याच दाराने ही वाट उघडली.

जमिनीचे वर्णभेदी कायदे दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये रद्द झाले. १९९४ मध्ये सर्वांनी मतदान केले आणि नेल्सन मंडेला अध्यक्ष झाले. डॉ. दादू हे पाहायला नव्हते. त्यांचे १९८३ मध्ये लंडनमध्ये परागंदा अवस्थेत निधन झाले होते.

गोष्ट इथे संपवता आली असती आणि तुम्हाला ती आवडलीही असती. पण शिक्षकाने अर्धीच गोष्ट सांगू नये. स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांच्या सरकारांनी पुढे आपल्या लोकांना छळले. बाहेरून कोणी विचारले की त्यांनी स्मट्स यांचेच वाक्य उच्चारले. आपल्यावर हे वाक्य उच्चारण्याची वेळ आली ती कुठे, ते ऐका. २००१ मध्ये वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, ती डर्बन शहरात. भारतातून शेकडो दलित कार्यकर्ते तिथे गेले. जातीवरून होणाऱ्या भेदभावाचाही परिषदेने विचार करावा, अशी त्यांची मागणी होती. भारत सरकारने विरोध केला. सरकारचे म्हणणे असे की, जात म्हणजे वंश नव्हे. आमच्या संविधानाने अस्पृश्यता केव्हाच नष्ट केली आहे, कायदे आहेत, न्यायालये आहेत आणि हा प्रश्न आम्ही आमच्या देशात सोडवत आहोत. कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, १९४६ मध्ये आपण दुसऱ्याला जे विचारले, तेच आज आम्हाला विचारू द्या. परिषदेच्या अखेरच्या निवेदनात जातीचा उल्लेख आला नाही.

तुमच्या वर्गाचे दोन गट करा. एका गटाने सरकारची बाजू मांडावी, दुसऱ्याने डर्बनला गेलेल्या कार्यकर्त्यांची. दोन्ही गटांनी मराठीतच बोलायचे. आणि 'तक्रार' हा शब्द शिकायत या अर्थानेच वापरायचा. या वेळी मी पूर्ण गुण देईन.